टीव्ही-स्पीकरचं परीक्षण करायचंय? आधी माणसं जमवा

दसरा आठ दिवसांवर आला की आमचे फोन वाजायला लागतात. "५५ इंची घेऊ की ६५?" "साउंडबार पुरेल की होम थिएटरच बसवू?" विचारणारे कधी सिडकोतले, कधी गंगापूर रोडचे, कधी थेट निफाडहून. आम्ही पाच जण घरच्या करमणुकीच्या उपकरणांची परीक्षणं करतो. पोटापाण्याचा धंदा प्रत्येकाचा वेगळा. गेल्या महिन्यात अंबडच्या कारखान्यात कामाला असलेला एक मुलगा यादी घेऊन आला. मायक्रोफोन, प्रकाश मोजायचं यंत्र, ट्रायपॉड, दोन एचडीएमआय केबल. "दादा, एवढं घेतलं की सुरू करता येईल ना?" मी कागद उलटा केला आणि म्हटलं, इथे पाच नावं लिही. गडी दुसऱ्या नावावरच अडकला.

त्याला तासभर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लावून लिहितोय. यंत्रं नंतर येतात, हप्त्यानंही येतात.

पायरी १: पाच कामांना पाच माणसं

एक मोजणारा लागतो. त्याच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नसली तरी चालेल, पण एकच आकडा तीनदा घेऊन तीनदा वहीत लिहायचा त्याला कंटाळा नसावा. दुसरा लिहिणारा. हे दोघं शक्यतो वेगळे ठेवा, कारण ज्यानं चार तास मोजमापात घातले त्याला प्रत्येक आकडा छापावासा वाटतो. तिसरा हिशेब ठेवणारा: कोणती वस्तू कुणाकडून आली, परत कधी गेली, बिल कुणाच्या नावावर. काम रटाळ आहे, पण मंडळी फुटतात ती याच वहीवरून.

चौथा दुरुस्तीवाला, जो नवख्यांच्या यादीत कधीच नसतो. आमचे मामा रविवार कारंजाजवळच्या एका बोळात पिक्चर ट्यूबच्या काळापासून टीव्ही दुरुस्त करतात. आवाज येतो पण पडदा काळा, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं की ते आधी अंधारात पडद्यावर टॉर्च मारतात. अंधुक चित्र दिसलं तर पॅनेल शाबूत आहे आणि मागच्या बॅकलाइटच्या एलईडी पट्ट्या गेल्यात. बॅकलाइट कायम १०० वर ठेवला की पट्ट्या जास्त तापतात आणि लवकर जातात, हे मी त्यांच्याकडून शिकलो. तेव्हापासून आमच्या प्रत्येक परीक्षणात एक ओळ असते: रात्री दिवा लावून पाहायला बॅकलाइट किती पुरला. ही ओळ कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही.

पाचवं माणूस म्हणजे काकू. काकू असं मी म्हणतोय, तुमच्याकडे आजी असेल, शेजारचे निवृत्त गुरुजी असतील. एकच अट, त्यांना यातलं काही कळता कामा नये आणि तोंडावर बोलायची भीड नसावी.

एकदा एक साउंडबार आम्ही आठवडाभर तपासला. मोजणाऱ्याच्या आलेखावर कुठेच खोट नव्हती. लिहिणाऱ्यानं मसुदाही तयार केला. मग तो काकूंच्या हॉलमध्ये, इंदिरानगरला लावला. संध्याकाळची मालिका संपल्यावर त्या म्हणाल्या, "गाण्याला बरा आहे रे. पण सून काय म्हणाली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही." आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. दोन कारणं सापडली. एक, त्यांच्या टीव्ही युनिटला पुढून दीड इंचाची लाकडी पट्टी होती आणि बार तिच्या मागे दडला होता. माणसाचं बोलणं स्पष्ट कळतं ते मुख्यतः १,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या आवाजामुळे, आणि समोर अडसर आला की आधी मार बसतो तो असल्याच वरच्या आवाजांना. खालचा बेस कडेनं वळून येतो. दुसरं, काकू सोफ्यावर मधोमध बसतच नाहीत. त्या स्वयंपाकघराच्या दाराशी, खुर्चीत बसतात, कारण गॅसवर कुकर असतो. आमचा मायक्रोफोन आठवडाभर एका रिकाम्या जागी कौतुक मोजत होता.

बार पट्टीच्या पुढे ओढला, मायक्रोफोन दाराशी नेला आणि परीक्षण नव्यानं लिहिलं. त्यामुळे माणसं जमवताना यंत्रातला जाणकार शेवटी शोधा, तो आपोआप भेटतो. काकू आधी शोधा.

पायरी २: खोली ठरवा आणि ती बदलू नका

दुकानाच्या डेमो खोलीत ऐकून लिहू नका. वाचक राहतो १० बाय १२ च्या हॉलमध्ये: खाली गुळगुळीत टाइल्स, भिंती उघड्या, एका बाजूला काचेची सरकती खिडकी. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून धातूसारखी झणझण आली तर भिंती एकमेकींना आवाज परतवतायत. महागडी पॅनेलं आणायची गरज नाही. जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला जड पडदा आणि मागच्या भिंतीला पुस्तकांची मांडणी, एवढ्यानं फरक कळतो. जुन्या नाशकातल्या वाड्यात उलटं: लाकडी माळवद, जाड मातीच्या भिंती, सामानसुमान. आम्ही एकच जोडी पंचवटीतल्या वाड्यात आणि पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये ऐकली. ऐकणाऱ्याला वाटावं, दोन वेगळ्या कंपन्यांचे स्पीकर आहेत.

बेसचं गणित मात्र समजून घ्या, कारण नव्या परीक्षकाची सगळ्यात मोठी फसगत तिथे होते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. खोलीच्या लांबीच्या दुपटीनं त्याला भागलं की ती खोली कुठल्या सुरावर घुमते ते कळतं. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, म्हणजे साधारण ४७ हर्ट्झ. १० फुटांना ५६. सिनेमातला ढोल, स्फोट, गाडीची घरघर या पट्ट्यात येते. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर हा घुमारा फुगून ऐकू येतो आणि खोलीच्या मधोमध उभं राहिलं की पडतो. नवखा लिहितो, "सबवूफरचा बेस ढगळ आहे." ढगळपणा सबवूफरचा आहे की खोलीचा, हे आधी तपासा.

तपासायची पद्धत जुनी आहे आणि जरा हास्यास्पद दिसते. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, बेसचं एखादं गाणं लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेकडेनं रांगत फिरायचं. जिथे बेस एकसारखा आणि आटोपशीर लागेल तिथे सबवूफर ठेवायचा. आमचा हिशेबनीस रांगत असताना शेजारचे आजोबा वर्तमानपत्र मागायला आले होते. ते अजूनही त्याची तब्येत विचारतात.

पायरी ३: टीव्ही आधी फूटपट्टीनं तपासा

"किती इंची घेऊ" याला उत्तर सेंटिमीटर-इंचाच्या टेपमध्ये आहे. डोळ्यांसमोर पडद्यानं ३० अंशांचा कोन व्यापावा हा एक प्रचलित संकेत. त्यासाठी पडद्याच्या कर्णाच्या १.६ पट अंतर लागतं. सिनेमागृहासारखं भरून दिसायला ४० अंश, म्हणजे १.२ पट. ५५ इंचीला ही अंतरं साडेपाच ते सव्वासात फूट, ६५ इंचीला साडेसहा ते पावणेनऊ फूट. आता १० बाय १२ च्या हॉलमध्ये टीव्ही आखूड भिंतीवर लावला तर सोफ्यावरच्या डोळ्यांपासून पडदा नऊ-दहा फुटांवर जातो आणि ६५ इंचीही डोईजड होत नाही. लांब भिंतीवर लावला तर ५५ पुरे. परीक्षणात नुसतं "मोठा पडदा घ्या" असं लिहिणारा माणूस हॉलमध्ये गेलेलाच नसतो.

उंचीचा मुद्दा फिटिंगवाल्यावर सोडू नका. तो ड्रिल घेऊन उभा असतो, त्यामुळे त्याला उभ्या माणसाची उंची योग्य वाटते आणि टीव्ही पाच-साडेपाच फुटांवर चढतो. सोफ्यावर बसलेल्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम साडेतीन फुटांवर असतात. आणि आपल्याकडे निम्मं घर जमिनीवर बसून बघतं. म्हणून प्रत्येक टीव्ही खाली बसून आणि कडेच्या खुर्चीतूनही पाहा. व्हीए प्रकारच्या पॅनेलचा काळा रंग समोरून गडद दिसतो पण बाजूनं फिका पडतो. आयपीएस बाजूनं टिकतं, पण अंधारात त्याचा काळा करडा वाटतो. काकूंच्या दाराशी असलेल्या खुर्चीला कुठलं पॅनेल मानवेल ते तुम्हीच ठरवा.

शोरूममधली सेटिंग म्हणजे भडक मोड: निळसर पांढरा, केशरी कातडी, सगळं चमचम. घरी आल्यावर सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावून दोन दिवस तसाच ठेवा. पहिल्या तासाला पिवळट वाटेल, डोळा सरावतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. मधली चित्रं टीव्हीनं स्वतः बनवून घातली की चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. ते बंद-चालू दोन्ही पाहा.

एक चाचणी बहुतेक परीक्षक करत नाहीत: केबलच्या सेट-टॉप बॉक्सवरची साधी वाहिनी. त्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके, फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०. भागाकार करून पाहा, बरोबर २० येतो. म्हणजे वाहिनीकडून आलेल्या एका ठिपक्यामागे १९ ठिपके टीव्हीला स्वतःच्या अकलेनं भरायचे असतात. ते कोण कसं भरतो यात महाग आणि स्वस्त टीव्हीचा खरा फरक दिसतो, आणि आपल्या घरांमधलं बरंचसं पाहणं याच वाहिन्यांवर असतं. ओएलईडी टीव्ही तपासत असाल तर घरी बातम्या किती तास चालतात तेही विचारा. खालची लाल पट्टी आणि कोपऱ्यातलं चिन्ह रोज आठ-आठ तास एकाच जागी राहिलं तर त्याचा डाग पडू शकतो.

पायरी ४: ऐकताना डोळे झाका

दोन स्पीकरची तुलना करताना आधी दोघांची पातळी सारखी करा. डेसिबलभर जोरात वाजणारा स्पीकर चांगला वाटतो, जोरात वाटत नाही, हीच तर गोम. हळू आवाजात आपल्या कानाला बेस कमी लागतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय. मोबाइलवरचं ॲप निखळ आकडा देत नाही, पण दोन स्पीकर एकाच जागी, एकाच फोननं मोजून बरोबरीला आणायला ते चालतं. पुढे पैसे जमले तर कॅलिब्रेट केलेला यूएसबी मायक्रोफोन घ्या. आरईडब्ल्यू नावाचं मोजमापाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

मग स्पीकरसमोर पडदा लावा. आम्ही काकूंची जुनी मलमलची साडी वापरतो. कापड इतकं विरळ आहे की आवाज जवळजवळ अडत नाही. कोणता आधी वाजवायचा ते छापा-काट्यानं. आणि लावणाऱ्यानं खोलीत थांबायचं नाही, त्याचा चेहरा फितूर असतो. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हाच प्रयोग रीतसर केला. तेच श्रोते, तेच स्पीकर, एकदा झाकून आणि एकदा उघडे ठेवून. उघडे असताना आकार, किंमत आणि नाव यांनी गुण बदलले. आमच्याकडे पहिल्यांदा साडी लावली त्या रविवारी मी स्वतः सहा महिने कौतुक केलेल्या स्पीकरला दुसरा नंबर दिला. वही अजून आहे, हिशेबनीस ती अधूनमधून काढतो.

पायरी ५: वस्तू कुठून आणायची

पहिलं वर्ष नातेवाइकांवर काढा. कुणीतरी पाडव्याला टीव्ही घेतं, कुणी वास्तुशांतीला. फिटिंगच्या दिवशी हजर राहा, तीन तास मागा, महिन्यानं पुन्हा जा. त्यातून दहा-बारा उपकरणं सहज होतात.

नाव थोडं झालं की दुकानदार आणि कंपन्या वस्तू पाठवतात. एकदा एक साउंडबार आला, सोबत "असं लिहा" म्हणून दीड पानाचा मजकूर. त्यात वॉरंटीपासून "घराचं थिएटर झालं" पर्यंत सगळं तयार होतं. आम्ही बार परत पाठवला. कुरिअरचे पैसे आमच्या खिशातून गेले, त्याचा मला आजही राग आहे.

नियम माहीत असू द्या. जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची आणि ग्राहक व्यवहार विभागाची जानेवारी २०२३ ची मार्गदर्शक सूचना सांगते की पैसेच नव्हे, फुकट मिळालेली वस्तूसुद्धा संबंध म्हणून ठळकपणे जाहीर करायची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड आहे; वस्तूची भलामण करणाराही त्यातून सुटत नाही. आमची पद्धत साधी: परीक्षणाच्या पहिल्याच ओळीत वस्तू कुणाची, किती दिवस होती, परत गेली का. तळाशी बारीक अक्षरात नाही.

पायरी ६: महिनाभर राहू द्या

पहिल्या आठवड्यात सगळंच छान असतं. खरे प्रश्न लाईट गेल्यावर सुरू होतात. दुपारी मेन स्विच बंद करून चालू करा आणि रिमोट काकूंच्या हातात द्या. टीव्ही पुन्हा सेट-टॉप बॉक्सवर येतो की जाहिरातींच्या मुख्य पानावर जाऊन बसतो? साउंडबारला आपला इनपुट आठवतो का? मालिकेपर्यंत पोचायला किती बटणं लागली? एका नामांकित टीव्हीला आम्ही सात मोजली, आणि काकूंनी चौथ्यालाच रिमोट माझ्याकडे फेकला.

साउंडबारची वायर कुठे खोचली तेही बघा. एआरसी (टीव्हीचा आवाज साउंडबारला देणारी सोय) लिहिलेलं एचडीएमआयचं भोक एकच असतं आणि बरेचदा फिटिंगवाला दुसऱ्यातच वायर घालून जातो. ऑप्टिकल वायरीतून ॲटमॉस, म्हणजे आवाज डोक्यावरूनही आल्यासारखा वाटवणारी डॉल्बीची पद्धत, येत नाही. एआरसीतून ते दाबलेल्या स्वरूपात येतं, आणि ब्ल्यू-रेवरचं मूळ, काहीही न गमावलेलं हवं असेल तर दोन्ही बाजूंना ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, लागते. "ॲटमॉस वाटतच नाही" या तक्रारींवर आम्ही आधी वायर बघतो. पावसाळ्यात जोराच्या सरीत डिशचं चित्र फुटलं तर दोष ढगांचा. टीव्हीला नावं ठेवू नका.

कस्टमर केअरला एकदा फोन नक्की लावा, साधं गिऱ्हाईक म्हणून. किती वेळ थांबावं लागलं ते लिहा.

पायरी ७: लिहिणं

मसुद्यातून "अप्रतिम", "जबरदस्त" आणि "पैसा वसूल" काढा. त्या जागी काय ऐकू आलं, कुठे बसून, किती आवाजावर, ते येऊ द्या. वॉटचा आकडा आला की तो आरएमएस, म्हणजे स्पीकर सलग देऊ शकेल तो, आहे का ते विचारा; पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजारो वॉट खोक्यावर छापलेले असतात, पण ते मोजायचं कुठलंही सर्वमान्य मानक नाही. किमतीपुढे तारीख हवीच. २२ सप्टेंबर २०२५ ला ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि आमची सगळी जुनी "२५ हजारांच्या आत" ही वर्गवारी एका रात्रीत शिळी झाली.

पडद्याचा फोटो ट्रायपॉडवरून, ट्यूबलाइट बंद करून, शटर १/३० च्या आसपास ठेवून काढा. वेगवान शटरला आडवे पट्टे येतात. बाकी फोटोचं कौतुक नको, फोटोतला रंग वाचकाच्या मोबाइलचा असतो.

आणि सगळ्यांची कामं छापा: कुणी मोजलं, कुणी ऐकलं, कुणाच्या हॉलमध्ये, कुणी उघडून पाहिलं. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांचं नाव १९१३ च्या चित्रपटामुळे आपल्या तोंडात आहे. फिल्मला भोकं पाडणाऱ्या, रसायनं कालवणाऱ्या आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचं नाव पांडवलेण्याजवळच्या स्मारकात फिरायला गेलेल्या कितीजणांना आठवतं? आमच्या परीक्षणाखाली "ऐकणं आणि आक्षेप: काकू" अशी ओळ असते. त्यांना ती वाचून दाखवावी लागते, आणि त्या प्रत्येक वेळी "आक्षेप कशाला लिहिलंस" म्हणतात.

अंबडच्या त्या मुलाची पाच नावं अजून पूर्ण नाहीत. चौथं त्याच्या आत्याचं आहे, सातपूरला राहते, टीव्ही नऊ वर्षं जुना. येत्या रविवारी तो तिच्याकडे टेप, वही आणि साडी घेऊन जाणार आहे. मी म्हटलं, सकाळी अकराला जा, तेव्हा तिच्याकडे मिक्सर चालू असतो. पहिलं ऐकणं त्यातच कर.